चालू क्यूजीआयएसमध्ये शिरून प्लगइनचा दोष शोधताना

वाचकांचे प्रश्न

या महिन्यासाठी निवडलेली सहाही पत्रे कोकण किनाऱ्यावरून आली आहेत आणि सहाही एकाच विषयाभोवती फिरतात. क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरसाठी पायथन या भाषेत प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचे छोटे पूरक प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांना त्यातील दोष कसा शोधावा, हा प्रश्न पडलेला आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केलेले हे सॉफ्टवेअर मुळात सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले असून पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे पायथनचा कोड चालवणारा भाग, त्याच्या पोटात बसवलेला असतो. पुढील सर्व उत्तरे या एका गोष्टीवर अवलंबून असल्याने ती आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात नकाशे आणि मोजणीची खासगी कामे करतो. गावनकाशांवर काम करण्यासाठी मी स्वतःपुरते एक प्लगइन लिहिले आहे. काही चुकले की मी जागोजागी प्रिंटच्या ओळी आणि मेसेज बॉक्स घालतो, क्यूजीआयएस बंद करून पुन्हा उघडतो, मोठा प्रोजेक्ट लोड होईपर्यंत थांबतो आणि मग कळते की हवी ती किंमत मी छापलीच नव्हती. चालू क्यूजीआयएसला व्हीएस कोड हा कोड लिहिण्याचा एडिटर जोडून कोड ओळीओळीने तपासता येतो असे ऐकले आहे. ते विंडोजवर कसे करावे?

उत्तर : तुमचे प्लगइन हा स्वतंत्र प्रोग्रॅम नाही. साध्या पायथन फाइलप्रमाणे ते व्हीएस कोडमधून 'रन' करून पाहिले, तर क्यूजीआयएसचा इंटरफेस, उघडलेले लेयर आणि निवडलेली फीचर्स यांपैकी काहीच त्याला मिळणार नाही आणि पहिल्याच ओळीला ते कोसळेल. ते जगते क्यूजीआयएसच्या प्रोसेसमध्ये, म्हणून डीबगरलाच, म्हणजे कोड थांबवून तपासणाऱ्या साधनालाच, त्या प्रोसेसपाशी जावे लागते. यासाठी मायक्रोसॉफ्टचे डीबगपाय हे मुक्त पॅकेज वापरावे. डीबग या शब्दाला पी आणि वाय ही दोन अक्षरे जोडली की त्याचे नाव तयार होते. हे पॅकेज क्यूजीआयएसच्या आत एका पोर्टवर कान देऊन बसते आणि व्हीएस कोड बाहेरून त्या पोर्टला जोडला जातो.

पॅकेज बसवताना एक काळजी घ्यावी. तुमच्या संगणकावर वेगळे पायथन बसवलेले असले, तरी त्यात डीबगपाय घालून उपयोग नाही, कारण क्यूजीआयएस स्वतःचे पायथन सोबत घेऊन येते. स्टार्ट मेनूत क्यूजीआयएसच्या गटात 'ओएसजीओफोरडब्ल्यू शेल' असते. ते उघडून तेथूनच पिप या पायथनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने पॅकेज बसवावे. पावसाळ्यात तुमच्याकडे नेट वारंवार जात असेल, तर जेथे नेट आहे तेथून पॅकेजची व्हील फाइल, म्हणजे बसवण्यास तयार गठ्ठा, पेनड्राइव्हवर उतरवून आणता येते. मात्र ती क्यूजीआयएसमधील पायथनच्या आवृत्तीशी आणि विंडोजशी जुळणारी असावी.

त्यानंतर प्लगइनच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये, म्हणजे जेथे क्लासफॅक्टरी हे फंक्शन असते तेथे, डीबगपाय इंपोर्ट करून त्याच्या लिसन या फंक्शनला लोकलहोस्ट, म्हणजे हाच संगणक, आणि ५६७८ हा पोर्ट द्यावा. व्हीएस कोडमध्ये पायथन डीबगरचे एक्स्टेन्शन घेऊन 'रन अँड डीबग'खाली 'रिमोट अटॅच' निवडले, तर तो यजमान संगणकाचे नाव आणि पोर्ट विचारतो. तेथे हेच दोन तपशील दिले की जोडणी होते.

एवढे केल्यावर विंडोजवर हमखास एक विचित्र प्रकार घडतो, तो आधीच माहीत असलेला बरा. लिसनची ओळ चालताच क्यूजीआयएसची दुसरी खिडकी उघडते आणि जोडणी मात्र होत नाही. डीबगपायला आपले मध्यस्थीचे काम करण्यासाठी पायथनची एक वेगळी प्रोसेस सुरू करावी लागते. त्यासाठी 'सध्या चालू असलेली पायथनची कार्यकारी फाइल कोणती' असे ते सिस मॉड्यूलला विचारते. एरवी उत्तर पायथनच असे येते, पण येथे पायथन क्यूजीआयएसच्या पोटात असल्याने उत्तर येते खुद्द क्यूजीआयएसची कार्यकारी फाइल, आणि बिचारे डीबगपाय तीच सुरू करते. उपाय एका ओळीचा आहे. लिसनच्या आधी डीबगपायचे कॉन्फिगर हे फंक्शन बोलावून पायथन या नावाखाली क्यूजीआयएससोबत आलेल्या पायथन डॉट ईएक्सईचा पूर्ण मार्ग द्यावा. या एका ओळीअभावी अनेकांनी ही पद्धतच सोडून दिलेली मी पाहिली आहे.

लिसन हे एका प्रोसेसमध्ये एकदाच बोलावता येते. प्लगइन रिलोडर या मदतनीस प्लगइनने आपले प्लगइन पुन्हा लोड केले की तीच ओळ दुसऱ्यांदा चालते आणि एरर येते. म्हणून ती ओळ ट्राय-एक्सेप्टमध्ये ठेवून ही विशिष्ट एरर सोडून द्यावी. सुरुवातीच्याच ओळी तपासायच्या असतील तर लिसननंतर वेट-फॉर-क्लायंट हे फंक्शन वापरता येते, पण व्हीएस कोड जोडला जाईपर्यंत क्यूजीआयएस त्याच जागी थांबून राहील, तेव्हा ती ओळ काम झाल्यावर आठवणीने काढावी.

ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड थांबवण्याची खूण, लावला, जोडणी झाली, तरीही कोड थांबत नाही, अशी वेळ आली तर आधी फाइलचा मार्ग पाहावा. आपण कोड लिहितो एका फोल्डरमध्ये आणि क्यूजीआयएस चालवते युजर प्रोफाइलच्या पायथन-प्लगइन्स फोल्डरमधील प्रत, असे फार वेळा घडलेले असते. क्यूजीआयएसच्या पायथन कन्सोलमध्ये आपले मॉड्यूल इंपोर्ट करून त्याचा 'फाइल' हा दोन-दोन अधोरेषांचा गुणधर्म छापला की खरी फाइल कोणती ते कळते. दोन्ही मार्ग वेगळे असतील तर व्हीएस कोडच्या लाँच फाइलमधील पाथ मॅपिंगमध्ये 'लोकल रूट' म्हणून तुमचा फोल्डर आणि 'रिमोट रूट' म्हणून क्यूजीआयएसला दिसणारा फोल्डर लिहावा. जंक्शन किंवा सिमलिंक करून फोल्डर जोडला असेल तरीही हे करावे लागू शकते. ब्रेकपॉइंटचे टिंब लाल न राहता राखाडी पोकळ वर्तुळ होणे, ही याच दोषाची खूण असते.

ब्लेंडर आणि फ्रीकॅड यांच्यातही पायथन असेच पोटात बसवलेले आहे, त्यामुळे त्यांच्या ॲडऑनसाठीही हीच वाट चालते. पायचार्म वापरणाऱ्यांनी दिशा उलटी आहे एवढे ध्यानात ठेवावे. तेथे पायचार्म कान देऊन बसते आणि प्लगइन त्याला जोडले जाते.

प्रश्न : आपण सांगता तसा डीबगर मी जोडला आहे, पण ब्रेकपॉइंटवर थांबताच क्यूजीआयएस पांढरे पडते आणि 'प्रतिसाद देत नाही' असे विंडोज सांगते. काही बिघडत तर नाही ना? — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : काहीही बिघडत नाही. खिडकी रंगवणे, माउसचे क्लिक ऐकणे आणि तुमच्या बटणामागचा पायथन कोड चालवणे ही सर्व कामे क्यूजीआयएसचा एकच मुख्य थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, करतो. तो तुमच्या ओळीवर थांबवून ठेवला की खिडकी रंगवायला कोणी उरत नाही. विंडोज 'प्रोग्रॅम बंद करू का' असे विचारील, तेव्हा नकार द्यावा आणि व्हीएस कोडमधून पुढे चालू करावे. लिनक्सवर एक्स-इलेव्हन ही खिडक्या दाखवणारी प्रणाली असेल तर मेनू उघडा असताना किंवा माउसने काही ओढत असताना लागणारा ब्रेकपॉइंट मात्र टाळावा. माउस त्या वेळी क्यूजीआयएसने धरून ठेवलेला असतो आणि सगळा डेस्कटॉपच अडकून पडतो. अशा जागी ब्रेकपॉइंटऐवजी व्हीएस कोडचा लॉगपॉइंट लावावा. तो न थांबता किंमत तेवढी छापतो.

प्रश्न : आमची देवगडला हापूसची कलमबाग आहे. ड्रोनच्या छायाचित्रांवरून कलमे मोजण्यासाठी मी प्लगइन लिहिले. मोजणीला वेळ लागत असल्याने ती क्यूजीएसटास्कमध्ये टाकली, म्हणजे मागे चालत राहते. पण त्यातील रन या मेथडमध्ये लावलेल्या ब्रेकपॉइंटवर कोड कधीच थांबत नाही. बाकी सर्व ठिकाणी थांबतो. कधी कधी तर टास्क चालतच नाही आणि एररही दिसत नाही.

उत्तर : तुमच्या पत्रात दोन स्वतंत्र दोष आहेत आणि दोन्ही फार जणांना छळतात.

पहिला दोष थ्रेडचा. पायथनच्या थ्रेडिंग मॉड्यूलने जन्माला घातलेले थ्रेड डीबगर आपोआप ताब्यात घेतो, कारण त्यांच्या जन्माची नोंद पायथनकडे असते. क्यूजीएसटास्क चालतो तो थ्रेड मात्र क्यूटी या सी प्लस प्लस ग्रंथालयाने तयार केलेला असतो, त्यामुळे डीबगरला त्याचा पत्ताच नसतो. रन मेथडच्या पहिल्याच ओळीत डीबगपायचे डीबग-धिस-थ्रेड हे फंक्शन बोलवा. त्या क्षणापासून तो थ्रेड डीबगरच्या नजरेत येतो आणि पुढचे ब्रेकपॉइंट लागू लागतात. क्यूथ्रेड थेट वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

दुसरा दोष, टास्क न चालण्याचा, बहुधा संदर्भ न जपल्यामुळे आलेला आहे. तुम्ही फंक्शनच्या आत टास्क तयार करून टास्क मॅनेजरकडे दिला आणि फंक्शन संपले, की त्या स्थानिक व्हेरिएबलबरोबर पायथनची वस्तूही नाहीशी होते. टास्क सुरू होण्याआधीच तो गेलेला असतो. टास्क प्लगइनच्या सेल्फवर, म्हणजे प्लगइनच्या स्वतःच्या वस्तूवर, ठेवा आणि काम संपेपर्यंत तो तेथेच राहू द्या.

रनमधून एरर बाहेर पडू देऊ नका. त्याने सगळे क्यूजीआयएस कोसळू शकते. ती एक्सेप्टमध्ये पकडून सेल्फवर ठेवावी आणि फिनिश्ड या मेथडमध्ये दाखवावी, कारण फिनिश्ड मुख्य थ्रेडवर चालते. खिडकीतील कोणत्याही घटकाला, अगदी प्रगतिपट्टीलाही, रनमधून थेट हात लावू नये. कलमांची संख्या रनमध्ये मोजून ठेवा आणि पडद्यावर फिनिश्डमधून मांडा.

प्रश्न : मी दापोलीहून लिहिते आहे. हर्णैच्या बाजूला घर बांधू पाहणाऱ्यांना सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, प्राथमिक कल्पना यावी, म्हणून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा काढणारे प्लगइन मी केले. भरतीरेषेचा लेयर अक्षांश-रेखांशात आहे, म्हणून ५०० ला १,११,००० ने भागून बफरला, म्हणजे रेषेभोवती पट्टा काढणाऱ्या क्रियेला, दिले. पट्टा येतो, एरर येत नाही, पण उपग्रहचित्रावर मोजपट्टीने मोजला तर तो काही ठिकाणी सुमारे वीस मीटर कमी भरतो. डीबगर लावून प्रत्येक ओळ पाहिली. दोष सापडत नाही.

उत्तर : हे पत्र मला सर्वांत मोलाचे वाटले, कारण तुम्ही मोजून पाहिलेत. एरर न देता चुकीचे उत्तर देणारा कोड कोसळणाऱ्या कोडपेक्षा अधिक नुकसान करतो, आणि येथे तर त्या वीस मीटरांत कोणाचे तरी घर येऊ शकते.

डीबगरमध्ये तुम्हाला अंतर या व्हेरिएबलसमोर ०.००४५ ही किंमत दिसली असेल. ती अंशांत आहे, हे डीबगर सांगत नाही. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर हे उत्तर-दक्षिण दिशेला खरे. पूर्व-पश्चिम दिशेला मात्र विषुववृत्तापासून दूर जाऊ तसे रेखांशाच्या एका अंशाचे अंतर अक्षांशाच्या कोसाइनच्या प्रमाणात आखडत जाते. हर्णैच्या आसपास, म्हणजे सुमारे १७.८ अंश उत्तरेला, ते १०६ किलोमीटरच्या जवळ येते. म्हणजे तुमचा बफर उत्तर-दक्षिण जवळजवळ ५०० मीटर, पण पूर्व-पश्चिम सुमारे ४७८ मीटर. आता आपला किनारा आठवा. तो उत्तर-दक्षिण धावतो, म्हणून किनाऱ्यापासून जमिनीकडे जाणारी पट्ट्याची रुंदी पूर्व-पश्चिमच असते. नेमक्या ज्या दिशेला अचूकता हवी त्याच दिशेला तुमचा पट्टा तोकडा पडतो. किनारा जेथे वळून पूर्व-पश्चिम होतो तेथे मोजलेत तर पट्टा बरोबर भरेल, आणि म्हणूनच तुम्हाला तूट 'काही ठिकाणी' दिसली.

भागाकाराचा आकडा बदलून हे दुरुस्त करू नका. भरतीरेषा आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात न्यावी, तेथे सरळ ५०० चा बफर काढावा आणि हवे तर परत अक्षांश-रेखांशात आणावे. कोकणासाठी यूटीएम या मीटरमधील प्रक्षेपण-पद्धतीचा ४३ उत्तर हा झोन, म्हणजे ईपीएसजी या प्रक्षेपणांच्या यादीतील क्रमांक ३२६४३, योग्य आहे. तो ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांश सामावतो. या प्रक्षेपणातही अंतर किंचित ताणले जाते, पण हर्णैपाशी ते ५०० मीटरमागे काही सेंटिमीटरच भरते.

रूपांतराची ओळ लिहिताना एक चूक सर्रास होते, ती डीबगरमध्ये लगेच दिसते. भूमितीच्या ट्रान्सफॉर्म या मेथडने मूळ भूमितीच जागेवर बदलते आणि परत येतो तो केवळ यश-अपयशाचा निकाल. तो निकाल नव्या भूमितीच्या नावाने साठवला तर पुढची ओळ अडखळते. व्हेरिएबलच्या खिडकीत प्रकार पाहिला की हे कळते.

अशा तपासणीत ओळीओळीने चालण्यापेक्षा थांबून विचारणे अधिक कामाचे ठरते. बफरच्या ओळीवर थांबल्यावर व्हीएस कोडच्या डीबग कन्सोलमध्ये लेयरच्या सीआरएसचा, म्हणजे निर्देशांक-पद्धतीचा, ऑथआयडी विचारावा. ईपीएसजी ४३२६ असे उत्तर आले की एकक अंश आहे हे स्पष्ट होते. तेथेच बफरच्या बाउंडिंग बॉक्सची रुंदी विचारता येते. लेयरमध्ये शेकडो फीचर्स असतील आणि दोष एकाच फीचरमध्ये असेल, तर ब्रेकपॉइंटला अट लावावी, फीचरचा आयडी अमुक असेल तरच थांब. मूळ पत्रात तुम्ही खाडीच्या तोंडाशी पट्टा विचित्र तुटतो असेही लिहिले आहे. तेथे भूमिती वैध आहे का, हे इज-जिओस-व्हॅलिड या मेथडने विचारून पाहा. खाजणांच्या कडेला हाताने काढलेल्या रेषा स्वतःलाच छेदतात आणि त्यावरून बहुभुज केला की तो अवैध ठरतो.

प्लगइनच्या खिडकीत एक ओळ ठळक घालावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटर ही मर्यादा १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेपासून आहे, परंतु खाड्यांना आणि गावठाणांना वेगळे नियम लागतात आणि अधिकृत भरतीरेषा मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यातच पाहावी लागते. ज्याला घर बांधायचे आहे त्याने तुमच्या पट्ट्यावर विसंबून पाया खणू नये.

प्रश्न : अलिबागच्या कार्यालयातील संगणकावर प्लगइन चालते आणि मी घरून काम करतो. लिसनला लोकलहोस्टऐवजी चार शून्यांचा (०.०.०.०) पत्ता दिला तर घरून जोडता येईल का?

उत्तर : जोडता येईल, आणि म्हणूनच तसे करू नये. ५६७८ पोर्टवर डीबगपाय कोणाकडे पासवर्ड मागत नाही. जो जोडला जाईल तो डीबग कन्सोलमधून त्या संगणकावर हवा तो पायथन कोड, तुमच्याच अधिकाराने, चालवू शकेल. चार शून्ये दिल्याने ते दार नेटवर्कवरील सर्वांना उघडे होते. पत्ता लोकलहोस्टच ठेवावा आणि कार्यालयातील व्यवस्थापकाच्या परवानगीने एसएसएच टनेलमधून, म्हणजे दोन संगणकांमधील सुरक्षित जोडणीतून, तो पोर्ट घरच्या संगणकावर आणावा. व्हीएस कोडला फरक कळतही नाही. दुसऱ्यांना प्लगइन देण्यापूर्वी डीबगपायच्या सर्व ओळी काढाव्यात, किंवा त्या केवळ तुमच्या संगणकावर असलेल्या एखाद्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या अटीमागे ठेवाव्यात. एकदा सुरू झालेले ऐकणे क्यूजीआयएस बंद होईपर्यंत चालूच असते, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : माझ्या प्लगइनमध्ये लेयर काढून टाकून पुन्हा बटण दाबले की क्यूजीआयएस एकदम नाहीसे होते. डीबगर जोडलेला असला तरी तो काहीच न सांगता तुटतो. — एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : पायथनचा डीबगर पायथनच्या एरर पाहतो. तुमचे कोसळणे त्याच्याखाली, सी प्लस प्लसमध्ये घडते आहे. लेयर प्रोजेक्टमधून काढला की त्याची सी प्लस प्लसमधील वस्तू नष्ट होते, पण सेल्फवर जपलेले पायथनचे आवरण शिल्लक राहते. नशीब बरे असेल तर 'रॅप्ड ऑब्जेक्ट हॅज बीन डिलीटेड' अशी रनटाइम एरर येते, नसेल तर प्रोसेसच संपते. सेल्फवर लेयर न ठेवता त्याचा आयडी ठेवा, दर वेळी प्रोजेक्टच्या मॅप-लेयर या मेथडला तो देऊन लेयर मागा आणि नन आले तर वापरकर्त्याला तसे सांगा.

तरीही कोसळत असेल तर पायथनसोबतच येणारे फॉल्टहँडलर मॉड्यूल चालू करा. विंडोजवर क्यूजीआयएसला कन्सोल नसतो, म्हणून एनेबल या फंक्शनला लिहिण्यासाठी उघडलेली फाइल द्यावी लागते, आणि ती फाइल सेल्फवर किंवा मॉड्यूलच्या पातळीवर उघडीच राहू द्यावी. पुढच्या वेळी क्यूजीआयएस गेले की त्या फाइलमध्ये, प्रोसेस संपण्याच्या क्षणी प्रत्येक थ्रेड पायथनच्या कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीवर होता, ते लिहिलेले मिळेल. ब्रेकपॉइंट त्या ओळीच्या एक ओळ आधी लावा.